रानातला उजेड: घाटरान आणि देवराईतील छायाचित्रणाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला राहणाऱ्या एका हौशी छायाचित्रकारांनी श्रावणात ताम्हिणी घाटात आणि दिवाळीनंतर भीमाशंकर परिसरातील आहुप्याच्या देवराईत काढलेली तीन छायाचित्रे पाठवली आहेत. डोळ्यांना दिसलेले रान छायाचित्रात उतरत नाही, फांद्यांमधले आकाश पांढरेफटक होते, खोडे काळी पडतात आणि पावसाळ्यातली हिरवाई आजारी, निळसर दिसते, अशी त्यांची तक्रार आहे. फ्लॅश वापरायचा नाही, केवळ नैसर्गिक प्रकाशातच काम करायचे आहे. त्यासाठी अधिक रुंद कोनाची लेन्स घ्यावी की मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्याजवळचा कॅमेरा आणि लेन्स या कामासाठी पुरेशी आहेत, हे आधीच सांगतो. तिन्ही चित्रे मी मोठ्या पडद्यावर काळजीपूर्वक पाहिली. आपण प्रकाश कमी पडल्याची तक्रार केली आहे, परंतु माझ्या मते तिन्ही ठिकाणी प्रकाश पुरेसा होता. तो तुटक होता आणि त्या तुटकपणाकडे आपले लक्ष गेले नाही. ही अडचण खरेदीने सुटण्यासारखी नसल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

मराठीत ऊन आणि उजेड असे दोन वेगळे शब्द आहेत आणि रानात काम करणाऱ्याने तो फरक अगदी शब्दशः पाळावा. ऊन म्हणजे सूर्याकडून थेट आलेला प्रकाश. तो एकाच दिशेने येतो आणि धारदार सावली पाडतो. उजेड म्हणजे आकाशातून, ढगांतून, समोरच्या उतारावरून, पानापानांतून गाळून चहूकडून आलेला प्रकाश; त्याला ठळक सावली नसते, पण खोडाची गोलाई, सालीचे भेगाळलेपण आणि शेवाळ्याची मऊ पोत तो नेमकेपणाने दाखवतो. उघड्या माळावर किंवा गडाच्या तटबंदीवर ऊन चित्र घडवते. रानात तेच ऊन फांद्यांतून तुकड्यातुकड्यांनी खाली उतरते आणि ज्या पानावर वा दगडावर पडेल त्याच्याकडे पाहणाऱ्याचे लक्ष खेचून नेते. त्या दगडात पाहण्यासारखे काही असो वा नसो. म्हणून रानाच्या दृश्यांसाठी मी आधी उजेड शोधतो आणि ऊन आलेच, तर ते एखाद्याच ठिकाणी, मला हव्या त्या जागी पडेपर्यंत थांबतो.

हा फरक आकड्यांत मांडून पाहू. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदकता) १०० ठेवला, तर एफ/१६ आणि १/१२५ सेकंद हे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायच्या प्रकाशाचे माप, बरोबर येते; एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा, आकडा लहान तितके छिद्र मोठे. एफ/८ ठेवल्यास त्याच हिशेबाने १/५०० सेकंद. दाट देवराईच्या सावलीत मात्र एफ/८ ला पाव सेकंद लागतो, आणि पावसाळी सकाळी एक ते दोन सेकंदही लागतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा; १/५०० आणि पाव सेकंद यांत सात स्टॉपचे, म्हणजे जवळजवळ १२८ पटींचे अंतर आहे. खुद्द सावलीतही खोडाच्या ढोलीतला काळोख आणि चकाकणारे पान यांत आणखी चार-पाच स्टॉपचा फरक सहज असतो. आजचे चांगले सेन्सर सर्वांत कमी आयएसओवर सर्वांत गडद ते सर्वांत उजळ असा साधारण बारा ते चौदा स्टॉपचा पल्ला सांभाळतात, परंतु आयएसओ दुप्पट केला की त्यातला जवळपास एक स्टॉप हातचा जातो. आपले देवराईतले चित्र हातात कॅमेरा धरून आयएसओ ३२०० वर काढलेले आहे. म्हणजे जेथे पल्ल्याची सर्वाधिक गरज होती, तेथेच आपण चार-पाच स्टॉप सोडून दिले. डोळ्यांना ही अडचण जाणवत नाही, कारण ते दृश्य एका दमात पाहत नाहीत. उजळ भागाकडे वळले की बाहुली आकुंचन पावते, ढोलीत डोकावले की विस्तारते, आणि मेंदू त्या साऱ्या तुकड्यांचे एक अखंड रान जुळवून देतो. कॅमेऱ्याला ते सर्व एकाच क्षणी, एकाच मापाने टिपावे लागते.

कवडशांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण या एका गोष्टीने माझी रानात पाहण्याची पद्धत बदलली. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असल्या तरी जमिनीवर पडणारे कवडसे बहुधा गोल किंवा लंबगोल असतात, याचे कारण प्रत्येक लहान फट ही सूचिछिद्र कॅमेऱ्यासारखे काम करते आणि कवडसा ही सूर्याचीच प्रतिमा असते. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. सूर्यबिंब आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसते, म्हणून फट जितकी उंच, तितका कवडसा मोठा आणि त्याची कड तितकी पसरट. दहा मीटर अंतरावरच्या फटीतून आलेला कवडसा साधारण नऊ सेंटिमीटरचा, तर वीस मीटरवरून आलेला अठरा सेंटिमीटरचा असतो, आणि तेवढाच प्रकाश अधिक जागेवर वाटला गेल्याने तो फिकाही असतो. वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या ठेंगण्या झाडीखाली कवडसे बारीक, प्रखर आणि टोचणारे का दिसतात आणि जुन्या देवराईत उंच जांभळाखाली तेच ऊन सौम्य का वाटते, याचे उत्तर यात आहे. तेव्हा ऊन असलेल्या दिवशी रानात जावेच लागले, तर ठेंगणी झाडी टाळून सर्वांत उंच छत असलेला भाग गाठावा.

आता आपले पहिले चित्र. ताम्हिणीच्या रस्त्याकडेला उभे राहून आपण कॅमेरा वर उचलून झाडांचे शेंडे घेतले आहेत आणि चौकटीचा वरचा तिसरा हिस्सा पांढरा झाला आहे. मळभ असलेले आकाश डोळ्यांना करडे आणि मवाळ वाटते, परंतु रानाच्या तळाच्या तुलनेत ते पाच-सहा स्टॉप अधिक उजळ असते. यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे आकाश चौकटीत येऊच न देणे. मी रानात पोहोचल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे कॅमेरा पिशवीतून काढत नाही. झाडांच्या मागे काय आहे एवढेच पाहत हिंडतो. या बाबतीत सह्याद्री आपल्याला फार अनुकूल आहे, कारण येथे सपाट जंगल कमी आणि उतारावरचे अधिक. घाटाच्या कडेला, दरीच्या एका अंगाला उभे राहून समोरच्या उतारावरची झाडे साधारण डोळ्यांच्या पातळीवर घेतली, तर त्यांच्यामागे आकाशाऐवजी उताराचा गडद हिरवा पडदा येतो आणि सारे दृश्य चार-पाच स्टॉपच्या आत बसते. आत दाट रानात असाल तर थोडे वर चढून किंचित खालच्या दिशेने पाहावे. शेंड्यांमधली एखादी पांढरी फट उरलीच, तर दोन पावले डावी-उजवीकडे सरकून ती एखाद्या खोडाआड लपवता येते.

यातच आपल्या लेन्सच्या प्रश्नाचे उत्तर येते. रुंद कोनाची लेन्स आकाश, पायाखालचा पाचोळा आणि दोन्ही बाजूंच्या काटक्या असे सगळेच चौकटीत ओढते, आणि रानात आधीच असलेला गोंधळ दुप्पट होतो. माझी रानातली बहुतांश दृश्ये ७० ते २०० मिलिमीटरच्या, म्हणजे अरुंद कोनाच्या लेन्सने काढलेली आहेत. आपल्याकडची ५५-२५० ची साधी लेन्स यासाठी उत्तम आहे. खर्च करायचाच असेल तर तो एक दणकट ट्रायपॉड आणि एक चांगला गोल पोलरायझर (लेन्सपुढे लावायची, चकाकी कापणारी फिरती काच) यांवर करावा, एवढेच मी सांगेन.

ऋतू आणि वेळ यांचा हिशेब पुण्याच्या अक्षांशावरून मांडावा. इतर देशांतील छायाचित्रकारांनी सांगितलेले सोनेरी तासाचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येथे शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या काळात सकाळी नऊलाच तो चाळीस अंशांच्या वर चढलेला असतो आणि रानात ऊन सरळ खाली कोसळू लागते. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र मध्यान्हीलासुद्धा सूर्य अठ्ठेचाळीस अंशांच्या वर जात नाही. म्हणजे हिवाळ्यात ऊन दिवसभर तिरके असते, आणि खोडांना एका बाजूने उजेड व दुसऱ्या बाजूने सावली मिळून त्यांना घनता येते. ऐन, साग, काटेसावर यांची पाने झडू लागली की पानगळीचे रान अधिक मोकळे होते आणि तो तिरका उजेड आतवर पोहोचतो. पावसाळ्यानंतर फोटोंचा हंगाम संपला असे समजून अनेक जण कॅमेरा कपाटात ठेवतात, त्यांनी डिसेंबर-जानेवारीत एकदा मुळशीच्या बाजूला जाऊन पाहावे. ऑक्टोबर हा मात्र मला रानासाठी सर्वांत अवघड महिना वाटतो: आकाश धुतल्यासारखे स्वच्छ, ऊन कडक आणि छत अजून दाट, त्यामुळे कवडशांचा विस्कटलेपणा पराकोटीला जातो. आपले देवराईतले चित्र दिवाळीनंतर लगेच, सकाळी अकराला काढलेले असल्यामुळे त्यात जे घडले ते अपेक्षितच होते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये परिस्थिती उलटी होते आणि मी वर सांगितलेल्या नियमाला एक सुंदर अपवाद मिळतो. कोशिंबाला तांबडी लाल पालवी फुटते, ती कोवळी आणि अर्धपारदर्शक असते. अशा पालवीवर समोरून पडलेले ऊन तिचा रंग पुसून टाकते, कारण पानाच्या पृष्ठभागावरची चमकच अधिक दिसते; परंतु सूर्य पानामागे घेतला, तर प्रकाश पानातून आरपार येतो आणि आत दिवा लावल्यासारखे ते पान पेटते. येथे ऊन हवेच असते. फक्त मागची पार्श्वभूमी सावलीतल्या उताराची असावी, सूर्य स्वतः चौकटीबाहेर किंवा खोडाआड राहावा आणि लेन्सच्या काचेवर थेट ऊन पडू नये. हूड पुरत नसेल तर टोपी किंवा तळहात आडवा धरावा. एक्स्पोजर पालवीचे मोजावे आणि बाकीचे काळे पडले तर पडू द्यावे. आठ ते नऊच्या दरम्यान हे चांगले साधते.

पावसाळ्याविषयी अधिक लिहायला हवे, कारण पुणेकर छायाचित्रकाराच्या नशिबी आलेले ते सर्वांत मोठे दान आहे. शहरात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि चांदणी चौक ओलांडून पौड-मुळशीमार्गे दीड-दोन तासांत आपण त्याच्या कित्येक पट पाऊस पडणाऱ्या घाटमाथ्यावर पोहोचतो. ढगांचे अखंड छत म्हणजे आकाशाएवढा पसरलेला एकच सौम्य दिवा. त्यात धुके उतरले, तर आणखी एक गोष्ट घडते: धुक्यातले जलकण प्रकाश सर्व दिशांना विखुरतात, त्यामुळे दूरच्या खोडांच्या सावल्या उजळतात आणि जवळचे खोड गडद, त्यामागचे करडे, त्यामागचे जेमतेम दिसणारे असे थर आपोआप तयार होतात. एरवी रानात कोणते झाड पुढे आणि कोणते मागे हे छायाचित्रात कळेनासे होते. धुके ते वेगळे करून देते. धुक्यात कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर फसते, कारण ते सर्व काही मध्यम करडे मानून चालते आणि पांढरे धुके मळकट करते. म्हणून अर्धा ते एक स्टॉप वाढवून घ्यावे. धुके विरळ होत असताना ऊन आले तर तिरिपी, म्हणजे उन्हाचे तिरके झोत, दिसतात. तिरीप बाजूने किंवा मागून प्रकाशित असेल आणि तिच्यामागे गडद भाग असेल तरच उठून दिसते, आणि ती बहुधा काही मिनिटेच टिकते, तेव्हा ट्रायपॉड आधीच लावून ठेवलेला असावा.

आता त्या आजारी हिरवाईकडे वळतो. आपल्या दुसऱ्या चित्रात दोन कारणे एकत्र आली आहेत. पहिले असे की, ओल्या पानावर पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यात वरच्या ढगाळ आकाशाचे प्रतिबिंब पडते. डोळ्यांना ती नुसती तकाकी वाटते, पण छायाचित्रात प्रत्येक पानावर निळसर-पांढरा पापुद्रा चढतो आणि खालचा हिरवा रंग झाकला जातो. पोलरायझर नेमके हे प्रतिबिंब कापतो. त्याची कडी फिरवत व्ह्यूफाइंडरमध्ये पाहावे. एका ठिकाणी पापुद्रा निघून रंग अचानक खोल होतो. पाने सर्व दिशांना वळलेली असल्यामुळे सगळीच तकाकी जात नाही, आणि जाऊही देऊ नये. ओल्या कातळावर थोडी चमक राहिली नाही तर तो ओला आहे हेच कळत नाही. पोलरायझर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो, त्यामुळे पाव सेकंदाचा एक सेकंद होतो आणि ट्रायपॉड अपरिहार्य ठरतो.

दुसरे कारण व्हाइट बॅलन्सचे, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेनुसार कॅमेरा करतो त्या रंगदुरुस्तीचे. पानातले हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेते आणि हिरवा बराचसा पुढे सोडते. त्यामुळे दाट छताखाली पोहोचणारा उजेड मुळातच हिरवा असतो. ऑटो व्हाइट बॅलन्स चौकटीतल्या रंगांवरून अंदाज बांधतो, आणि सारी चौकट हिरवी असली की त्याचा अंदाज दर चित्रागणिक बदलतो. रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) काम करावे, कॅमेऱ्यावर ढगाळ हवामानाची स्थिर सेटिंग ठेवावी आणि प्रत्येक जागी पहिल्या चित्रात एक करडे कार्ड धरून घ्यावे. कार्ड विसरले तर शेवाळे नसलेला करडा कातळ बऱ्यापैकी कामाला येतो. मात्र घरी आल्यावर सारा हिरवेपणा काढून टाकू नये. रानाच्या आत उभे असताना आपले हातसुद्धा किंचित हिरवे दिसत होते. तो थोडा हिरवेपणा राहिला तरच ते रान वाटते. मी साधारण निम्मी दुरुस्ती करतो आणि थांबतो.

हिरव्या उजेडाचा आणखी एक परिणाम आहे. सेन्सरवरच्या प्रकाश टिपणाऱ्या बारीक चौकटींपैकी निम्म्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात. रानात हिरवा प्रकाश भरपूर, लाल आणि निळा अपुरा. पुढे रंग दुरुस्त करताना लाल आणि निळा भाग वाढवावा लागतो आणि त्यासोबत त्यांतील खरखरही वाढते. म्हणून रानात एक्स्पोजर कंजूषपणे देऊ नये. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख) पाहण्याची सोय असेल तर ती वापरावी. महत्त्वाच्या पानांचा हिरवा आलेख उजव्या कडेला टेकण्याच्या थोडे आधी थांबेल इतके एक्स्पोजर द्यावे, कारण हिरवा आधी भरतो आणि एकत्रित आलेखात ते लपून राहते. पडद्यावर चित्र त्या वेळी नको तितके उजळ दिसेल; घरी ते खाली आणता येते.

मी स्वतः १९९०च्या दशकात स्लाइड फिल्मवर शिकलो. फूजीची व्हेल्व्हिया १९९० साली आली, तिचा वेग आयएसओ ५० आणि तिचा पल्ला जेमतेम पाच स्टॉपचा. एका रिळात ३६ चित्रे, आणि ती कशी आली हे पुष्कळ दिवसांनी कळायचे. त्या फिल्मवर तुटक उन्हाचे रान काढताच येत नसे, त्यामुळे काढण्याआधी थांबण्याची सवय लागली. आजच्या कॅमेऱ्यांनी ती सक्ती काढून घेतली आहे. पाच-सात एक्स्पोजर घेऊन ती संगणकावर एकत्र करण्याची सोय आता सहज उपलब्ध आहे, पण रानासाठी मी ती क्वचितच वापरतो. दोन चित्रांच्या मधल्या वेळात पाने हलतात आणि जोडणीत त्यांच्या भुताटकीसारख्या कडा उमटतात. शिवाय सावल्या सरसकट उजळल्याने रानाची खोलीच नाहीशी होते. रानात काळोख असतो, आणि तो चित्रात काळोख म्हणूनच राहायला हवा.

वाऱ्यासाठी संयमाखेरीज उपाय नाही. पहाटे हवा बहुधा स्थिर असते आणि ऊन तापू लागले की झुळका सुरू होतात, हे लवकर पोहोचण्याचे आणखी एक कारण. पावसाळ्यात घाटमाथ्यावर वारा सतत असतो. तेव्हा उतारावरून खाली, ओढ्याच्या घळीत शिरावे. झाडाचीही निवड करावी: पिंपळाचे पान लांब, बारीक देठामुळे जराशा झुळकेनेही थरथरते, तर जांभूळ किंवा अंजन बरेच स्थिर असते. दोन सेकंदांचा टायमर लावून, वारा पडल्यावर एकाच दृश्याची सहा-सात चित्रे घ्यावीत. त्यात एक तरी निश्चल मिळते. एफ/८ ते एफ/११ पुरेसे असते. एफ/२२ पर्यंत जाण्याने वेळही वाढतो आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे एकूण तीक्ष्णताही कमी होते.

पावसाळी कामात उपकरणांची काळजी घ्यावी लागते, आणि हे मी नुकसान सोसून शिकलो. एका वर्षी ताम्हिणीहून परतल्यावर ओलसर पिशवी तशीच कपाटात ठेवली आणि नवरात्रात उघडली, तेव्हा माझ्या सर्वांत आवडत्या लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशीची जाळी पसरलेली होती. ती पूर्णपणे कधीच निघाली नाही. आता परत आल्याबरोबर सर्व काही पंख्याखाली वाळवतो आणि सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात, चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रतेत ठेवतो. वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर लेन्सवर दव जमते, त्यामुळे शेवटचा अर्धा तास एसी बंद ठेवून खिडक्या उघडाव्यात. पुसायला जुना, मऊ, सुती पंचा सर्वांत चांगला.

प्राण्यांच्या छायाचित्रणाचा विषय वेगळा आहे, तरी भीमाशंकरला जाता म्हणून शेकरूविषयी दोन वाक्ये लिहितो. तो उंच फांदीवर आकाशासमोर दिसला की निव्वळ काळी आकृती मिळते. एक ते दोन स्टॉप वाढवून ती थोडी सुधारते, पण तो पानांच्या गडद पडद्यासमोर येईपर्यंत वाट पाहणे केव्हाही चांगले.

देवराईत काम करण्याची एक रीत आहे, आणि ती पाळणे मी छायाचित्रणाचाच भाग मानतो. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून या राया आपल्या मूळच्या रानाचे शिल्लक राहिलेले नमुने म्हणून ओळखल्या जातात. तेथे पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड चालली नाही, म्हणून तेथे उंच छत, मधली झाडी, जाडजूड वेली आणि खालचा पाचोळा असे सगळे थर अजून आहेत. मी वर ज्या सौम्य, गाळलेल्या उजेडाचे वर्णन केले तो याच थरांमुळे मिळतो. गावात आधी विचारून जावे, जेथे पायताण काढतात तेथे काढावे, आणि चौकटीत आडवी येणारी फांदी मोडू नये किंवा बाजूला बांधून ठेवू नये. तेथील वाळलेली काटकीसुद्धा गावकरी घरी नेत नाहीत. फांदी नको असेल तर आपण जागा बदलावी. मी एकदा काही छायाचित्रकारांना एका देवराईत तिरीप दिसावी म्हणून पाचोळा पेटवून धूर करताना पाहिले आहे. ते दृश्य मला आजही अस्वस्थ करते.

संगणकावरच्या कामाचे थोडक्यात सांगतो. हिरव्या रंगाची तीव्रता वाढवण्याचा मोह टाळावा. उलट ती किंचित कमी करून हिरव्यातला पिवळेपणा थोडा सांभाळला, तर पाने जिवंत वाटतात. मग ज्या खोडासाठी चित्र काढले ते ब्रशने हलकेच उजळावे आणि कडेचे भटके उजळ ठिपके दाबावेत. याहून अधिक करावे लागत असेल तर चूक रानात झालेली आहे.

सरावासाठी दर वेळी घाटात जाण्याची गरज नाही. विद्यापीठाच्या आवारातल्या एखाद्या जुन्या वडाजवळ सूर्योदयाच्या वेळी ट्रायपॉड लावावा, चौकट एकदा ठरवावी आणि ती न हलवता दहा वाजेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी एक चित्र घ्यावे. ती बारा-पंधरा चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली की उजेड केव्हा संपला आणि ऊन केव्हा शिरले, ती वेळ नेमकी सापडते. मी हा सराव शिकाऊ छायाचित्रकारांना दोन ऋतूंत दोनदा करायला लावतो.

आपले तिसरे चित्र, देवराईतल्या त्या वेलीने वेढलेल्या जांभळाचे, मला मनापासून आवडले, आणि ते पुन्हा काढण्याजोगे आहे. जागा बरोबर निवडली आहे. वेल खोडाभोवती जी वळणे घेते त्यांत चित्राचा सारा जीव आहे. सध्या मात्र खोडावर सात-आठ प्रखर कवडसे आहेत आणि उजव्या कोपऱ्यातल्या फटीतून आकाश डोकावते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे जावे. सूर्योदय सातच्या सुमारास होतो, पण राईत ऊन पोहोचायला त्यानंतर बराच वेळ लागतो. त्या मधल्या काळातला उजेड आपल्याला हवा आहे. साडेसहाला जागेवर पोहोचून कॅमेरा आपल्या मूळ जागेपासून दोन-तीन पावले डावीकडे आणि कमरेच्या उंचीवर लावावा, म्हणजे उजवीकडची फट त्या शेजारच्या हिरड्याच्या खोडाआड जाईल. लेन्स साधारण शंभर मिलिमीटरवर, आयएसओ १००, एफ/८, पोलरायझर अर्धवट फिरवलेला. पहिली चित्रे दोन-तीन सेकंदांची होतील आणि उजाडेल तसा हा वेळ अर्ध्या-पाऊण सेकंदापर्यंत खाली येईल. ऊन शेंड्यांना लागले की वरच्या पानांतून उजेड खाली झिरपू लागतो आणि काही मिनिटे खोडाची डावी कड हलकी उजळते. ती वेळ घड्याळात पाहून वहीत लिहून ठेवा आणि चित्र पाठवताना तीही कळवा.